मुलगी अमेरिकन सैनिकाशी लग्न करून चाललीय: ग्रीन कार्ड आधी की जर्मनी आधी?

फोंड्याचा मास्तर
नमस्कार मंडळी. प्रश्न घरचा आहे, पण उत्तर इतरांच्याही उपयोगी पडेल म्हणून उघडपणे मांडतो.

माझ्या धाकट्या मुलीचं लग्न झालं. जावई मूळचा मडगावचा. शिकायला अमेरिकेत गेला, परदेशी नागरिकांना भरती करणारी माव्हनी नावाची योजना चालू होती तेव्हा तिथल्या लष्करात भरती झाला आणि सेवेच्या आधारे नागरिकही झाला. सध्या टेक्सासला, फोर्ट ब्लिसमध्ये आहे. सिव्हिल रजिस्ट्रारकडच्या सह्या गेल्या जानेवारीत, तो रजेवर आला तेव्हा झाल्या. मंगेशीला लग्न लागलं मे महिन्यात. मुलगी अजून फोंड्यातच आहे, नोकरी करते. आता त्याला जर्मनीची ऑर्डर आलीय, ३६ महिन्यांची. ग्रीन कार्डाचा पहिला अर्जसुद्धा अजून गेलेला नाही.

चतुर्थीला सगळे जमले आणि जो तो सल्ले देऊ लागला. मेव्हण्याचं म्हणणं, सैनिकाच्या बायकोला ग्रीन कार्ड आपसूक मिळतं. पुतण्या म्हणतो, टुरिस्ट व्हिसा काढा, पोचल्यावर बघू. विहीणबाईंना वाटतं, नवराबायकोनं एकत्र राहणं महत्त्वाचं, सरळ जर्मनीला जाऊ दे, कागद मागाहून होतील.

माझं मत असं, की जर्मनी असो नाहीतर टेक्सास, तिच्या नावाचा आणि तिच्या हक्काचा कागद तिच्या हातात आधी यायला हवा. नवऱ्याच्या ऑर्डरवर नाव आहे म्हणून राहणं वेगळं आणि स्वतःच्या हक्कानं राहणं वेगळं. ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया लिहावं.

मांडवीपार
मास्तर, आधी अभिनंदन! माहितगार येतीलच. मी वाचायला बसलो.

शुभदा_एल पासो
मास्तर, मी डिचोलीची. नवरा आर्मीत, आम्ही फोर्ट ब्लिसलाच आहोत, त्यामुळे तुमचा धागा वाचून राहवलं नाही.

आपसूक काहीही मिळत नाही, हे मेव्हण्यांना सांगा. वाट इतर कुठल्याही अमेरिकन नागरिकाच्या बायकोची असते तीच. नवऱ्यानं आय-१३० भरायचा, म्हणजे ‘ही माझी बायको आहे’ हे सरकारपुढे सिद्ध करायचं. २०२४ च्या एप्रिलपासून त्याची फी ऑनलाइन ६२५ डॉलर, कागदी अर्जाला ६७५. तो मंजूर झाला की प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे जातं. तिथे फी, डीएस-२६० म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, जन्मदाखला, लग्नाचा दाखला, पोलीस क्लिअरन्स आणि नवऱ्याचं आर्थिक हमीपत्र. मग मुंबईत वैद्यकीय तपासणी, वकिलातीत मुलाखत. नागरिकाच्या बायकोला रांग नसते, वार्षिक कोटा नसतो, एवढं सुख आहे. पण कागद फिरायला वेळ लागतोच.

सैनिक असण्याचा फायदा बारीकसारीक जागी होतो. हमीपत्रात इतरांना दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवावं लागतं. सेवेत असलेला सैनिक बायकोसाठी अर्ज करत असेल तर १०० टक्के पुरतं. नव्या पोराच्या पगारात हा फरक मोठा असतो. इमिग्रेशन खात्याची लष्करी कुटुंबांसाठी वेगळी हेल्पलाइन आहे. बदलीची किंवा मोहिमेची ऑर्डर जोडून अर्ज लवकर तपासण्याची विनंतीही करता येते. ती मानली जाईलच असं नाही, पण करून बघावी.

आणि टुरिस्ट व्हिसाचा विचार डोक्यातून काढून टाका.

बार्देशकर
शुभदाताई, टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिथेच ग्रीन कार्ड केलेले दोघे तर मला माहीत आहेत. मग एवढं घाबरायचं कशाला?

अॅडव्होकेट_म्हापसा
बार्देशकर, तिथे गेल्यावर परिस्थिती बदलली आणि अर्ज केला, ही गोष्ट वेगळी. पण इथूनच ठरवून, कायमचं राहायच्या बेतानं, ‘फिरायला चालले’ असं अधिकाऱ्याला सांगून जाणं म्हणजे खोटी माहिती देणं. ते सिद्ध झालं तर अमेरिकेची दारं कायमची बंद होऊ शकतात. शिवाय नवरा अमेरिकन सैनिक आहे हे कळल्यावर, ही परत येणार यावर व्हिसा अधिकारी विश्वास ठेवेल का? नकार मिळाला की तो पुढच्या प्रत्येक फॉर्ममध्ये लिहावा लागतो.

मास्तर, तुमच्या पोस्टमधली जास्त महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. जानेवारी आणि मे. अमेरिकन फॉर्ममध्ये लग्नाची तारीख जानेवारीचीच घालायची. गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारपुढे आधी इरादा नोंदवायचा, नोटीस लागते, हरकत आली नाही की दोघांनी साक्षीदारांसह पुन्हा जाऊन सही करायची. त्या दुसऱ्या सहीनं कायद्याच्या दृष्टीनं लग्न होतं. देवळातलं लग्न, होम, सप्तपदी हे आपल्यासाठी. दाखल्यावर जी तारीख छापलीय तीच आय-१३० वर, तीच लष्कराच्या नोंदीत आणि तीच डीएस-२६० वर. एका फॉर्मवर जानेवारी आणि दुसऱ्यावर मे असं झालं की विनाकारण पत्रव्यवहार सुरू होतो.

कुळागरातली
हे अगदी खरं. माझ्या बहिणीच्या मुलाखतीत लग्नपत्रिका आणि दाखला समोरासमोर ठेवून विचारलं होतं, दोन तारखा कशा? तिनं सरळ सांगितलं, आमच्या राज्यात नोंदणी आधी करतात, धार्मिक विधी नंतर. अधिकाऱ्यानं मान हलवली आणि पुढे गेला. खरं तेच सांगायचं, घाबरायचं नाही.

शुभदा_एल पासो
वकीलसाहेबांनी तारखेचं काढलं ते बरं झालं, कारण त्यावर आणखी एक गोष्ट ठरते. अमेरिकेत पाऊल ठेवण्याच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड मिळतं. मग मुदत संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१, म्हणजे शर्त काढण्याचा अर्ज भरून, संसार खरा आहे याचे पुरावे पुन्हा द्यायचे. दोन वर्षं उलटून गेली असतील तर थेट दहा वर्षांचं कार्ड. मोजणी सह्यांच्या तारखेपासून होते, म्हणजे मास्तरांच्या लेकीला त्या जानेवारीचा फायदा मिळतो. व्हिसावर सशर्त लिहिलेलं असेल पण विमानतळावर उतरेपर्यंत दोन वर्षं पुरी झाली असतील, तर तिथल्या अधिकाऱ्याला दाखला दाखवून तसं सांगायचं.

राईनकाठची रेवती
मी थोडं वेगळं बोलणार आहे. विहीणबाईंचं म्हणणं एवढं चुकीचं नाही.

आमचं लग्न झालं तेव्हा माझे यजमान जर्मनीतच बेसवर होते. मी मडगावहून तिथेच गेले. परदेशातल्या लष्करी तळावर नेमणूक असलेल्या अमेरिकन सैनिकाला आय-१३० थेट तिथल्या वकिलातीत देता येतो. जर्मनीत ते काम फ्रँकफर्टला होतं. अमेरिकेतल्या टपालाच्या वाऱ्या वाचतात आणि नवराबायको एका घरात राहून वाट बघतात. तिकडे हिवाळ्याच्या अंधारात एकट्या सैनिकाचे काय हाल होतात ते मी पाहिलंय. कागद महत्त्वाचे आहेतच, पण पहिली दोन वर्षं वेगळी काढली तर त्या कागदांनी सांधायचं काय?

मात्र एक अट सांगते, ती सुटली तर सगळंच अडतं. ऑर्डरवर बायकोचं नाव हवं. त्याला कमांड स्पॉन्सरशिप म्हणतात. ती असेल तर तिकीट, घर, दवाखाना सगळं लष्कर बघतं, आणि नाटोच्या करारामुळे जर्मनीचा वेगळा रहिवासी परवाना काढावा लागत नाही. नाव नसेल तर ती तिथे नुसती पाहुणी. त्यासाठी जावयानं आधी तिची नोंद डीअर्समध्ये करायची, म्हणजे लष्करी कुटुंबांच्या यादीत. त्याला ग्रीन कार्ड लागत नाही, लग्नाचा दाखला आणि ओळखीचे कागद लागतात. ही नोंद तर आजच करून घ्या, ग्रीन कार्ड आधी होवो की नंतर.

शुभदा_एल पासो
रेवतीताई, एकत्र राहण्याचं महत्त्व मला पटतं. नवरा मोहिमेवर असताना मी एकटी राहिलेय. पण मास्तरांच्या लेकीला नोकरी करायचीय. बेसवरच्या बहुतेक सरकारी नोकऱ्यांना अमेरिकन नागरिकत्व लागतं. ग्रीन कार्ड नाही, नागरिकत्व नाही, अशा स्थितीत तीन वर्षं ती काय करणार?

राईनकाठची रेवती
बरोबर बोललात, ते मी पण भोगलंय. पदवी असून घरी बसले होते.

बार्देशकर
मग फ्रँकफर्टला व्हिसा मिळाला की झालं ना? जर्मनीत राहूनच ग्रीन कार्ड?

अॅडव्होकेट_म्हापसा
नाही. फ्रँकफर्टला मिळो की मुंबईला, तो फक्त व्हिसा. अमेरिकेच्या हद्दीत शिरून शिक्का पडला की त्या क्षणी ती कायम रहिवासी होते. त्यामुळे जर्मनीत राहायचं असलं तरी व्हिसाच्या मुदतीत एकदा अमेरिकेत उतरावंच लागतं. मग परत यायला हरकत नाही. एरवी ग्रीन कार्डवाला वर्षाहून जास्त बाहेर राहिला की परतताना अडचण येते. सैनिकाच्या ऑर्डरवर त्याच्यासोबत राहणाऱ्या बायकोला त्यातून सूट आहे.

पेडण्याची पोर
इथे सगळे अमेरिकेचंच बोलतायत, माझा भाऊ ब्रिटिश आर्मीत आहे. भारतीय पासपोर्टवर, कॉमनवेल्थ नागरिक म्हणून भरती झाला. वहिनी मांद्र्याची. तिचा अनुभव लिहू का?

मांडवीपार
लिही गो! धागा सगळ्यांचाच आहे.

पेडण्याची पोर
ब्रिटनमध्ये सैन्याच्या कुटुंबांसाठी इमिग्रेशनच्या नियमांत वेगळं प्रकरणच आहे. साध्या नागरिकाच्या बायकोला बाहेरून अर्ज केल्यावर ३३ महिन्यांचा व्हिसा मिळतो, मग पुन्हा फी भरून वाढवायचा. सैनिकाच्या बायकोला एकदम पाच वर्षांचा मिळू शकतो. आरोग्य अधिभाराची मोठी रक्कमही भरावी लागत नाही. क्षयरोगाची तपासणी आणि इंग्रजीची सोपी परीक्षा मात्र चुकत नाही. पाच वर्षांनी कायमच्या वास्तव्याचा अर्ज, त्याला इंग्रजी वरच्या पातळीचं आणि ‘लाइफ इन द यूके’ परीक्षा. भाऊ सायप्रसला होता तेव्हा वहिनी तिथे त्याच्याबरोबर राहिली, तो काळही धरला जातो.

एक गोष्ट अन्यायाची वाटते. २०२२ पासून सहा वर्षं सेवा केलेल्या परदेशी सैनिकांना कायमच्या वास्तव्याची फी माफ झाली, पण बायकामुलांची फी तशीच राहिली. माणूस देशासाठी बंदूक धरतो, आणि त्याच्या घरच्यांसाठी मात्र हजारो पौंडांचं बिल येतं. हे बदलायला हवं.

बार्देशकर
आमच्या वाड्यावरचा एक पोर पोर्तुगीज पासपोर्ट करून ब्रिटिश आर्मीत जायचं म्हणतो. त्याच्या आजोबांचा जन्म १९६१ च्या आधीचा, पोर्तुगीज राजवटीतला.

पेडण्याची पोर
त्याला थांबव! पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की भारतीय जातं, आणि पोर्तुगाल कॉमनवेल्थमध्ये नाही. ज्या पासपोर्टवर भरती होता येतं तोच तो फेकून देतोय. ब्रेक्झिटनंतर पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमध्ये पूर्वीसारखं सरळ जाऊन राहताही येत नाही, ती मुभा २०२० च्या शेवटी संपली.

बार्देशकर
देव बरें करूं. आज संध्याकाळीच त्याच्या आईला सांगतो. तिनं लिस्बनच्या कागदांसाठी एजंटला पैसे द्यायची तयारी केली होती.

वास्कोची नेव्हीवाली
आपल्याकडचंही एक सांगते. माझे मिस्टर नौदलात होते, आम्ही बरीच वर्षं दाबोळीला क्वार्टर्समध्ये काढली. शेजारी एका जवानाची बायको नेपाळची होती. १९५० च्या करारामुळे तिला इथे राहायला व्हिसा लागत नव्हता. पण नागरिकत्व हवं तर भारतीय नागरिकाची पत्नी म्हणूनसुद्धा सात वर्षं इथे राहिल्याशिवाय नोंदणीचा अर्ज करता येत नाही. नवऱ्याच्या बदल्या विशाखापट्टणम, कोची, पुन्हा वास्को. दर ठिकाणचा राहण्याचा पुरावा तिनं जपून ठेवला होता. गॅसची पावती, शाळेतली मुलांची नोंद, कॅन्टीनचं कार्ड, सगळं एका जाड फायलीत. फौजीच्या बायकोला कुठल्याही देशात हेच करावं लागतं. बदली तो करतो, पुरावा ती गोळा करते.

फोंड्याचा मास्तर
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीनं बसून सगळं वाचलं. तिचा एक प्रश्न: अमेरिकन नागरिकत्व किती वर्षांनी? कुणीतरी तिला सांगितलंय की सैनिकाच्या बायकोला लगेच मिळतं. आणि माझा प्रश्न: घ्यावंच का?

अॅडव्होकेट_म्हापसा
तिला सांगणाऱ्यानं अर्धं बरोबर सांगितलंय. साधारण नियम असा, की नागरिकाच्या बायकोनं ग्रीन कार्डवर तीन वर्षं राहिल्यावर अर्ज करायचा. पण कायद्याच्या ३१९ (बी) कलमाखाली, नवऱ्याची नेमणूक सरकारी कामानं परदेशात असेल आणि ती त्याच्याबरोबर राहायला जाणार असेल, तर त्या तीन वर्षांची अट नाही. सैन्यातली नोकरी त्यात येते. ग्रीन कार्ड मात्र आधी असायलाच हवं. नवऱ्याची नेमणूक संपल्यावर अमेरिकेत राहायला जाण्याचा इरादाही लिहून द्यावा लागतो. दुसरी वाट ३१९ (ई). ऑर्डरवर नवऱ्यासोबत परदेशात काढलेला काळ अमेरिकेतच काढला असं धरतात. २००८ च्या कायद्यानं सैनिकांच्या जोडीदारांना परदेशातच शपथ घेण्याचीही सोय झाली.

मास्तर, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर यातच आहे. ग्रीन कार्ड होऊन ती जर्मनीला गेली तर तिथली तीन वर्षं तिच्या खात्यात जमा होतात. ग्रीन कार्डाविना गेली तर त्या काळाचा तिला नागरिकत्वासाठी काही उपयोग नाही.

राईनकाठची रेवती
हे मात्र मान्य करते. मला ही वाट आधी कुणी सांगितली नव्हती.

कुळागरातली
‘घ्यावंच का’ याबद्दल बोलू का? अमेरिकन नागरिक झाली की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं कार्ड मिळतं, पण मतदान नाही. शेतजमीन, बागायत विकत घेता येत नाही. वारसानं आली तर राहते, आणि आपल्या गोव्याच्या कायद्यात आईबापाच्या निम्म्या मिळकतीवर मुलांचा हक्क ठरलेला असतो, मुलगी असो की मुलगा. म्हणजे घरचं कुळागर जाणार नाही. नवं घ्यायचं मनात असेल तर आधी विचार करा.

माझी बहीण अजून ग्रीन कार्डवरच आहे, तिनं नागरिकत्व घेतलं नाही. तिच्या नवऱ्याला ते पटत नाही, पण निर्णय तिचा.

शुभदा_एल पासो
मी घेतलं. मुलं अमेरिकन, नवरा अमेरिकन, कधी रात्री दोन वाजता बेस सोडावा लागला तर माझाच पासपोर्ट वेगळा नको, एवढाच विचार होता. शपथेच्या दिवशी मी रडले, आनंदानं आणि दुःखानंही. पण ओसीआयबद्दल एक गोष्ट मास्तरांना माहीत असायला हवी. जावयाला ओसीआय मिळणार नाही.

फोंड्याचा मास्तर
म्हणजे? त्याचा जन्म मडगावचा, आईवडील मडगावात. त्याला नाही आणि मुलीला हो?

शुभदा_एल पासो
हो. परदेशी सैन्यात असलेल्या किंवा निवृत्त झालेल्या माणसाला भारत सरकार ओसीआय देत नाही, मग त्याचा जन्म कुठलाही असो. माझे यजमान दर वेळी व्हिसा काढून आईकडे येतात. सासूबाई आजारी पडल्या तेव्हा सगळ्यात मोठी धास्ती त्या व्हिसाचीच होती. त्यामुळे तुमच्या जावयानं व्हिसा कायम चालू ठेवावा, संपायची वाट बघू नये. हा नियम मला मनापासून खटकतो. हौसेनं परदेशी वर्दी घातली असेल, पण आईच्या उशाशी यायला मुलाला इतकं थांबावं लागू नये.

मांडवीपार
हे मला अजिबात माहीत नव्हतं. नवे सल्ले देणाऱ्या प्रत्येकानं वाचावं.

पाळीचा भाचा
मध्येच विचारतो. माझा मित्र ग्रीन कार्डवर यूएस आर्मीत आहे, नागरिक नाही. लग्न ठरलंय. त्याच्या बायकोचं काय?

अॅडव्होकेट_म्हापसा
ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोला रांग असते, तिथे वर्षं जातात. पण तो सैनिक आहे. ११ सप्टेंबर २००१ पासून आजवरचा काळ युद्धकाळ धरला जातो, त्यामुळे सन्मानानं सेवा करणाऱ्याला कुठल्याही वास्तव्याच्या अटीशिवाय नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, फीही नाही. आधी त्यानं स्वतःचं उरकावं. तो नागरिक झाला की बायको रांगेतून बाहेर.

वास्कोची नेव्हीवाली
एक गोष्ट कुणी काढली नाही म्हणून मी काढते. मास्तर, वाईट वाटून घेऊ नका, माझ्या मिस्टरांची नोकरी फौजेतली, आम्हाला या गोष्टी बोलायची सवय असते. देव न करो, पण सैनिकाचं काही बरंवाईट झालं तर?

अॅडव्होकेट_म्हापसा
विचारायलाच हवं होतं. नागरिक असलेला सैनिक सेवेत असताना वारला तर बायकोचा हक्क त्याच्याबरोबर जात नाही. अर्ज चालू असेल तर तो विधवेचा अर्ज म्हणून पुढे चालतो. केलेलाच नसेल तर मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत ती स्वतः करू शकते. ग्रीन कार्ड आधीच असेल तर वास्तव्याच्या अटीशिवाय नागरिकत्वही मागता येतं.

शुभदा_एल पासो
आणि नवरा जिवंत असून संसार नासला तर? तेही लिहायलाच हवं, कारण आपल्या मुली हे विचारत नाहीत. बेसवर मी अशा बायका पाहिल्यात ज्यांचा पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड नवऱ्याच्या कपाटात, आणि भांडण झालं की धमकी: ‘तुझं कार्ड रद्द करून टाकतो.’ ते त्याच्या हातात नसतं. मारहाण किंवा छळ होत असेल तर बायको नवऱ्याला न सांगता स्वतः अर्ज करू शकते, कायद्यात तशी तरतूद आहे. सशर्त कार्डाची शर्त काढण्यासाठीही नवऱ्याची सही नको, त्यातून सूट मागता येते. बेसवर कुटुंबांसाठी मदतकेंद्र असतं, पोलीस असतात.

मास्तरांच्या जावयाबद्दल काहीच म्हणायचं नाही, चांगल्या घरचा आहे हे दिसतंय. पण लेकीला एवढं सांगा: पासपोर्ट, ग्रीन कार्ड, लग्नाच्या दाखल्याची प्रत कायम तिच्याच पर्समध्ये.

कुळागरातली
+१. माहेरच्यांकडेही त्या सगळ्याची एक प्रत असावी.

फोंड्याचा मास्तर
शुभदाबाई, तुम्ही मला जे नीट मांडता येत नव्हतं ते मांडलंत. ‘तिच्या हक्काचा कागद’ म्हणताना माझ्या मनात हेच होतं.

काल रात्री जावयाशी व्हिडिओवर सविस्तर बोललो. पोरगा समजूतदार आहे. ठरलं ते असं: आय-१३० तो याच आठवड्यात ऑनलाइन भरतोय, जानेवारीची तारीख घालून. डीअर्समध्ये नोंद आणि ऑर्डरवर तिचं नाव, दोन्हीचे अर्ज त्यानं सुरू केलेत. ऑर्डरची प्रत जोडून लवकर तपासणीची विनंतीही करणार. मुंबईचं काम त्याच्या निघण्याच्या आत झालं तर ती आधी टेक्सासला उतरेल, मग दोघं मिळून जर्मनीला. नाही झालं तर ती काही महिने इथेच थांबेल, असं तिनंच सांगितलं. विहीणबाई थोड्या नाराज आहेत. पण नागरिकत्वाचं आणि नोकरीचं ऐकल्यावर त्यांनाही पटलं. रेवतीबाईंचं म्हणणं मी त्यांना मुद्दाम वाचून दाखवलं, त्यांना बरं वाटलं.

नागरिकत्व घ्यायचं की नाही ते तिचं ती ठरवेल.

आता एकच: इथे एका एजंटनं सांगितलं की लग्नाच्या दाखल्यावर दिल्लीहून अपोस्टील, म्हणजे परदेशात दाखला चालावा म्हणून सरकारी शिक्का, करून घ्यावं लागेल, त्याची फी बरीच मागतोय. करू का?

अॅडव्होकेट_म्हापसा
अमेरिकन ग्रीन कार्डासाठी अपोस्टील लागत नाही. पैसे देऊ नका. त्यापेक्षा सिव्हिल रजिस्ट्रारकडून दाखल्याच्या चार-पाच प्रमाणित प्रती काढून ठेवा, लष्कराला, वकिलातीला, बँकेला, सगळ्यांना लागतात. दाखल्यावरचं तिचं नाव, पासपोर्टवरचं आणि जन्मदाखल्यावरचं अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा. लग्नानंतर आडनाव बदलायची घाई करू नका. गोव्यात नाव बदलायला १९९० चा वेगळा कायदा आहे, ते प्रकरण मध्येच सुरू केलंत तर सगळे कागद पुन्हा जुळवत बसावं लागेल.

राईनकाठची रेवती
पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट कार्यालयातून, पणजीहूनच निघतं. पण आत्ता नको, व्हिसा सेंटर मागेल तेव्हा. त्याची मुदत असते.

शुभदा_एल पासो
आणि वैद्यकीय तपासणीला लहानपणापासूनच्या लसींचे जेवढे कागद सापडतील तेवढे घेऊन जायला सांगा. गोवर, कांजिण्या वगैरेंचा पुरावा नसेल तर त्या लशी पुन्हा टोचून घ्याव्या लागू शकतात. मूळ दाखले टपालानं कुठेही पाठवू नका. ऑनलाइन अर्जाला स्कॅन पुरतं, मूळ प्रती मुलाखतीला तिच्या हातात हव्यात. ती एल पासोला उतरली तर मला इथेच निरोप द्या, मी विमानतळावर जाईन.